अकरावं आणि बारावं पान

“मास्तर, विठ्ठल काय म्हणाला?”

शिवलिंगनं हे विचारलं तेव्हा मी प्रूफवरून मान वर केली नाही. लाल पेन्सिल मात्र जागच्या जागी थांबली.

“कोण विठ्ठल?”

“विहिरीतला. माझं पान तिथंच संपतंय. ‘आणि खालनं विठ्ठलनं हाक मारली’ एवढंच हाय. पुढचं पान कुणाकडं दिलंय?”

शिवलिंग बावीस वर्षं मिरजेतल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दोन प्रबंध, एका माजी नगराध्यक्षाचं आत्मचरित्र, सगळं त्याच्या बोटांखालून गेलं होतं आणि त्यातलं एक वाक्य त्याला सांगता आलं नसतं. यात त्याचा दोष नव्हता. कंपोझिंगची रीतच तशी. फोरमन मजकुराची पानं वाटून देतो. कुणाच्या वाट्याला सुरुवात येते, कुणाच्या मधलाच तुकडा. जो तो आपलं पान अक्षर अक्षर उलटं जुळवतो आणि मोकळा होतो. मी त्या प्रेसमध्ये मुद्रितं तपासायला लागून अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात शिवलिंगनं मला दोनच प्रश्न विचारले होते: हा ‘घ’ आहे की ‘ध’, आणि चहा सांगू का.

“पुढचं पान आलेलंच नाही,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“म्हणजे बाईंनी दिलं नाही. दहाच पानं आहेत.”

अगदी शांतपणे म्हणालो. अकरावं आणि बारावं पान माझ्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, शब्दकोशाखाली होतं. माझा गुडघा त्या ड्रॉवरला टेकलेला होता आणि तो तिथून हलवायचा मला धीर होत नव्हता.

ही एकोणऐंशी सालातली गोष्ट. आमच्या प्रेसचा दिवाळी अंक निघत असे. संपादक आणि मालक एकच, आठल्ये. त्या वर्षी अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकदम छापायची शेवटची पानं, शनिवारी सकाळी मशीनवर चढायचा होता आणि हा शुक्रवार होता, दुपारचे दोन. आठल्ये उरलेल्या जाहिराती आणायला पुण्याला गेले होते. सकाळच्या गाडीनं उतरून ते थेट प्रेसमध्ये येणार होते.

शेवटच्या फर्म्यात एका कथेची जागा होती. त्या जागेवर आठ दिवसांपूर्वी माझी कथा जुळवून ठेवली होती. ‘काठावरची शांतता’. सुतळीनं बांधलेलं तिचं मॅटर कोपऱ्यातल्या गॅलीत, त्या लांबट पत्र्याच्या ताटात, होतं आणि येता-जाता मी त्याच्यावरची धूळ फुंकत असे. कथेत एक प्राध्यापक कृष्णेच्या काठी उभा राहून विचार करतो. नऊ पानं करतो. त्या नऊ पानांत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक कुणी दाखवली असती तर मी पेन्सिल खाली ठेवून संन्यास घेतला असता.

मंगळवारी मालन चौगुले आली. समोरच्या दवाखान्यात आया होती. पांढऱ्या लुगड्याला निळे काठ, हातात शाळेच्या वहीची बारा पानं, वर टाचणी. “हितं गोष्टी घेत्यात म्हणं,” असं म्हणून तिनं ती माझ्या हातात दिली. मी पहिली ओळ पाहिली, तीन चुका मोजल्या आणि पानं आठल्यांच्या टेबलावर सरकवली. आठल्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतली. समोर चहा होता. त्यावर साय धरली.

“मास्तर,” वाचून झाल्यावर ते म्हणाले, “चुका ढिगानं आहेत. पण मला बसायचं सुचलं नाही. ही घेऊ. तुमची पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी,” मी म्हणालो.

“तुम्ही पान पान सुधारून इमाम फोरमनला देत जा. काही अडलं तर तुमची तयार आहेच.”

काही अडलं तर. हे तीन शब्द मी घरी घेऊन गेलो. घरी काय होतं ते सांगायला हवं. बायकोनं बेळगावच्या भावाला कळवून टाकलं होतं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. जावई लोकांच्या वेलांट्या उचलणारा हमाल आहे, असं त्यांनी एकदा भरल्या पंगतीत म्हटलं होतं. त्यांच्यासाठी एक अंक आधीच मागून ठेवला होता. अकरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं शुद्ध छापली होती. माझं एकदाही छापलं गेलं नव्हतं.

आणि माझी एक वही होती, खिशात मावेल एवढी. कोण किती चुका करतो याची नोंद मी तीत ठेवत असे. अमुक कवी, अनुस्वार चौदा. तमुक प्राध्यापक, विभक्ती नऊ. माणूस भेटला की त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याचा आकडा आठवे. लग्नाआधी बायकोनं मला जे एकमेव पत्र लिहिलं त्यात सहा होत्या. तिला हे मी सांगितलेलं नाही. मालन चौगुलेच्या पहिल्या दहा पानांत दोनशे शहाऐंशी निघाल्या. वहीतला तो उच्चांक होता, आणि तो लिहिताना मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये असा होता.

गुरुवारी शेवटची दोन पानं तपासून झाली. अकराव्यावर चोवीस, बाराव्यावर सतरा. ती दोन पानं मी इमामसाहेबांकडे द्यायला उठलो आणि परत बसलो. अपुरी गोष्ट काही कुणी छापत नाही. मी ड्रॉवर उघडला.

“ओ इमामसाहेब,” शुक्रवारी माझं उत्तर ऐकून शिवलिंग ओरडला, “मास्तर म्हणत्यात पुढची पानंच न्हाईत!”

इमामसाहेब आमचे फोरमन. साठीला टेकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांनी जुळणीची स्टिक खाली ठेवली आणि खिळ्यांच्या खान्यांच्या केसमागून बाहेर आले.

“न्हाईत कशी? बाईनं टाचणी लावून दिलीत.”

“टाचणी होती,” मी म्हणालो. “पानं दहा होती.”

“आसं.” ते माझ्याकडे बघत राहिले. “मला तर काळजी हुती का काने कमी पडतील. सगळे काने तुमच्या गोष्टीत अडकल्यात. म्हटलं, शेवटच्या दोन पानांना तुमचं मॅटर सोडावं लागंल.”

मॅटर सोडायचं म्हणजे जुळवलेली गोष्ट मोडून खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे.

“आता सोडायचं कारण नाही,” मी म्हणालो.

“व्हय. आता कारण न्हाई.”

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. प्रेसमध्ये विषय एवढ्यावरच संपत. पण तिसरा कंपोझिटर, बापू कांबळे, हात पुसत आला. “काय झालं? म्हाताऱ्याला धरलं का लोकांनी?”

“कुठला म्हातारा?” शिवलिंग म्हणाला. “माझ्यात म्हातारा काठावर बसलाय नुसता. काय केलंय त्यानं?”

“तुला म्हाईतच न्हाई? आरं, पयली चार पानं माझ्याकडं हुती.”

आणि ज्या माणसांनी बावीस वर्षं एकमेकांची पानं विचारली नव्हती ती तिघं माझ्या टेबलाभोवती उभी राहून गोष्ट जोडायला लागली. बापूनं सुरुवात सांगितली. एका गावात म्हातारा पाणाड्या आहे. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालतो, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. पन्नास गावांत त्याचं नाव. पण दहा वर्षं झाली, त्याच्या हाताला काही कळेनासं झालंय. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. ती मागून चालते, झाडझुडूप बघते, वारूळ बघते आणि अंदाजानं खोकते. ती खोकली की हा नारळ उभा करतो.

“अगं बया,” शिवलिंग म्हणाला. “म्हणून ती सारखी खोकतीया व्हय! मला वाटलं दम्याची बाई हाय.”

मधला भाग इमामसाहेबांकडचा. सगळ्या गावानं मिळून विहीर काढायला घेतली. जागा ह्यानं दाखवलेली, म्हणजे तिनं खोकलेली. वीस हात खाली गेले, तीस गेले, खडक कोरडा. लोक आधी बोलेनासे झाले, मग म्हाताऱ्याच्या दारावरून जाताना थुंकायला लागले.

“आणि माझ्यात चाळीस हात झालं,” शिवलिंग म्हणाला. “समदं गाव काठावर. पाटलाच्या हातात पहार. म्हातारा-म्हातारी एका दगडावर. आणि खालनं विठ्ठलनं हाक मारली.”



“पाणी लागलं म्हणाला आसंल,” बापू म्हणाला.

“छ्या. मग गोष्ट कशाला लिवली? मला वाटतं त्यो म्हाताऱ्याला शिवी घालतोय.”

“विठ्ठल शिवी घालणार न्हाई,” इमामसाहेब म्हणाले. “माझ्या पानात त्यो म्हातारीला भाकरी देतोय.”

मी तिथं बसून होतो आणि मला घाम फुटला होता. ड्रॉवरचा नव्हे, म्हणजे ड्रॉवरचाही होताच. पण दुसराच. त्या खोलीत शेवट वाचलेला माणूस मी एकटा होतो. एकदा नव्हे, दोनदा वाचला होता, ओळ न् ओळ, पेन्सिलीचं टोक टेकवून. आणि विठ्ठल काय म्हणाला ते मला आठवत नव्हतं. पाणाड्या, नारळ, खोकला, हे सगळं मी त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत होतो. अकराव्यावर चोवीस, बाराव्यावर सतरा. याच्यापुढे डोक्यात काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्या घटकेला ड्रॉवर उघडून बघायची मलाच सगळ्यांत जास्त घाई झाली होती.

“तुमची गोष्ट मीच लावली की मास्तर,” बापू मध्येच म्हणाला. “गेल्या हप्त्यात.”

“हो ना?” मी सावरून बसलो. “कशी वाटली?”

“ब्येस. हात कुटंच अडला न्हाई. एक खाडाखोड न्हाई.”

“नाही, पण गोष्ट?”

बापूनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नदी हुती न्हवं त्यात?” तो म्हणाला.

इमामसाहेबांनी टोपी घातली. “दवाखाना काय लांब हाय? बाईलाच बोलावून आणतो. पानं तिच्याकडं ऱ्हायली आसतील तर आत्ताच घेऊ.”

“आठल्ये येऊ देत,” मी म्हणालो. “उगाच तिच्या ड्यूटीत…”

“अडीचला जेवायची सुट्टी आसती तिला.” आणि ते गेले.

त्या दहा मिनिटांत मी ड्रॉवर तीनदा उघडायचं ठरवलं. पण शिवलिंग आणि बापू हलेनात. काम पडलं होतं, फर्मा अडला होता, आणि हे दोघं माझ्या टेबलाला टेकून पाटलाच्या पहारेचं काय होणार यावर वाद घालत होते. मी खोटंच एक प्रूफ पुढे ओढलं. वधूपक्षाच्या नावात चूक होती. तीही मला नीट दिसेना.

मालन आली ती पदरानं हात पुसत. “काय हो, पानं कमी पडली म्हणं? बारा दिली की मी. टाचणी लावून. हेंच्याच हातात दिली.” तिनं माझ्याकडे बोट केलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे दहाच आली,” मी म्हणालो.

वाटलं होतं, ही आता आवाज चढवेल. दवाखान्यातल्या आया चढवतात. तशी तयारी मी केली होती. तिनं तसं केलं नाही. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

“मग माझीच चूक झाली आसंल,” ती म्हणाली. “मी हायेच आशी. शाळेत गुरुजी म्हणायचं, मालन, तुझ्या वहीत शाईपेक्षा लालच जास्त. चौथीत वही फेकली त्येंनी खिडकीतनं. परवा पाळीवर पानं घिऊन फिरत हुते, तिथंच कुटं पडली आसतील दोन. झाडूनबी गेली आसतील.” मग अगदी हळू, “मग आता न्हाईच का छापणार?”

ड्रॉवरची कडी माझ्या गुडघ्याला रुतत होती.

“दुसरी प्रत हाय का?” इमामसाहेबांनी विचारलं.

“प्रत कुटली? वहीच संपली.”

“आठवती का पण? पुढचं?”

“आठवायचं काय त्यात,” मालन म्हणाली. “सांगते की.”

तिनं कुठे उभं राहायचं ते बघितलं, केसला पाठ लावली आणि सांगायला लागली. कागद पुढे ओढून मी लिहून घेत असल्यासारखं करत होतो.

“तर खालनं विठ्ठलनं हाक मारली, ‘आबांना खाली सोडा.’ लोकं म्हणाली, आता म्हाताऱ्याला खालीच गाडतोय. म्हातारी उठली. आबानं तिला हातानंच बस म्हटलं. टोपल्यात बसवून दोरानं सोडला त्येला. चाळीस हात. वरनं गाव वाकून बघतंय. खाली निसता अंधार, दोन डोसकी तेवढी दिसत्यात. आबा अनवाणी उभा ऱ्हायला खडकावर. लई वेळ उभा ऱ्हायला. मग विठ्ठल त्येच्या कानाला लागला. म्हणाला, ‘आबा, हितं कुणी न्हाई. मला एकट्याला सांगा. हाय का?’”

शिवलिंगच्या हातात खिळा होता. तो त्यानं मुठीत धरला.

“आबा म्हणाला, ‘न्हाई लेकरा. धा वर्सं झाली, मला कायबी कळत न्हाई.’”

“मग?” बापू म्हणाला.

“मग विठ्ठलनं वर तोंड केलं. आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल आसा वरडला, ‘आबा म्हणत्यात अजून पाच हात!’ आणि पहार उचलली. झालं.”

“झालं?” शिवलिंग जवळजवळ ओरडला. “पाणी लागलं का?”

“ते न्हाई लिवलं मी.”

“आवं पण लागलं का?”

“गोष्ट पहार उचलली तिथं संपती,” ती म्हणाली.

“पण खालचं बोलणं तुला कसं कळलं?” इमामसाहेबांनी विचारलं. “त्या दोघांतलं?”

“मी काठावर हुते. बारा वर्सांची. टोपलं खाली जाताना बघितलं, आणि विठ्ठल वरडला ते ऐकलं. मधलं विठ्ठलनं मरस्तोवर कुणाला सांगितलं न्हाई.”

“मग?”

“मग ते मी लिवलं,” मालन म्हणाली.

दवाखान्याची घंटा वाजली तशी ती पदर खोचून जायला निघाली. दारातून वळून मला म्हणाली, “जमलं तर बघा मास्तर. न्हाईतर ऱ्हाऊ दे. तुमचा टाइम घेतला.”

शिवलिंग आणि बापू आपापल्या केसकडे गेले. खिळ्यांचा आवाज मात्र सुरू होईना. इमामसाहेब माझ्या टेबलापाशी आले. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला. मग खाली वाकले, इतके की त्यांच्या तोंडाचा विड्याचा वास आला.

“मास्तर,” ते अगदी हळू म्हणाले, “हितं कुणी न्हाई. मला एकट्याला सांगा. हायत का?”

मी गुडघा बाजूला घेतला.

“आहेत,” म्हणालो.

त्यांनी ड्रॉवर स्वतःच्या हातानं उघडला, शब्दकोश उचलला, पानं घेतली. मग सरळ उभे राहून मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, “सापडली रे! रद्दीच्या गठ्ठ्यात गेली हुती! शिवलिंग, दवाखान्यात पळ, बाईला सांग!”

जाता जाता त्यांनी पानं माझ्यासमोर धरली. चाळिसाच्या वर लाल गोल. ‘धा वर्सं झाली’ या ओळीभोवतीच तीन होते. “हेचं काय करायचं?” त्यांनी विचारलं. “लाल तेवढं बदलायचं का?”

“द्या इकडे,” मी म्हणालो.

मग मी ती पानं वाचली. आधी नुसती. नंतर पेन्सिल घेऊन. बाईंच्या निवेदनातल्या चुका मी सोडल्या नाहीत, एकूण एक काढल्या. ते माझं काम होतं आणि ते मला येतं. ज्या दहा पानांवर मी आधी हात चालवला होता ती परत मागवली. त्यांतल्या माणसांच्या तोंडचं बोलणंही मी शुद्ध करून टाकलं होतं. ते खोडरबरानं पुसून तिचं तिला परत दिलं. शिवलिंग आणि बापूला त्या गॅल्या दुसऱ्यांदा दुरुस्त कराव्या लागल्या. एकानंही कुरकुर केली नाही.

बाराव्या पानाच्या मध्यावर काने संपले.

“मास्तर?” बापूनं विचारलं.

“मी सोडतो,” मी म्हणालो.

‘काठावरची शांतता’ची सुतळी मी स्वतः कापली. मला सवय नव्हती, खाना सापडायला वेळ लागत होता. बापू शेजारी उभा राहून, हा इकडे, हा वरच्या ओळीत, असं सांगत होता. प्राध्यापक एकेका अक्षरानं खान्यात गेला. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याचा विचार मी शेवटच्या पानापर्यंत करत होतो. शेवटी, जागा नव्हती, एवढंच सांगितलं. सासऱ्यांना अंक पाठवला. मालन चौगुलेची गोष्ट कुणी तपासली, असं त्यांनी उलट टपाली विचारलं. त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिली वेळ.

आठल्यांना मी काही सांगितलं नाही. इमामसाहेब त्यानंतर नऊ वर्षं आमच्याकडे होते. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त मी कधी कुणाच्या लिखाणावर फार जोरात हसलो की ते केसमागून हलकेच खोकत.

दिवाळी झाल्यावर प्रेसच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. मालनचं. अंक पोचला, वॉर्डातल्या सिस्टरांनी वाचला, गुरुजी वारले नाहीतर त्यांना दिला असता, असं होतं. आणि खाली दाटीवाटीनं, कोपऱ्यात वळवून, दोन ओळी. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवल्या:

‘तुमच्यातले ते विहिरीचं लई विचारत होते. त्यांना सांगा, तीन हातावर लागलं. पण खारं निघालं. गुरं पितात.’

“लागलं का!” शिवलिंग म्हणाला आणि स्टिक केसवर आपटली. बापूनं चहा सांगितला.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्या छोट्या वहीतच ठेवलंय, मालन चौगुलेच्या पानावर. त्या पानावरचा आकडा मी तेव्हाच खोडला. कार्डाचा लिहायचा राहून गेला.